एझराच्या दारावरची भिंत

नईम, मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, ठाऊक आहे मला. पण वस्तीत सगळे म्हणतात, नईम शरमेनं मेला. ते माझ्याच्यानं ऐकवत नाही.

तू बगदादहून आलेला गवंडी. सरहद्दीवरच्या आपल्या वस्तीतली निम्मी घरं तुझ्या हातची. तुझा एकुलता एक मुलगा एझरा, ज्याच्यावरून सगळे तुला अबू-एझरा म्हणत, लष्करात गेला आणि वरच्या चौकीवर मारला गेला. त्याच्या नावानं तू शास्त्रवाचनाची खोली बांधलीस. दारावरच्या दगडात स्वतः कोरलंस, 'एझराचा दायेक'. दायेक म्हणजे तटबंदी, तू सांगितलंस. आपल्या हिब्रू धर्मग्रंथातला जुना, क्वचित येणारा शब्द. आम्हीही माना डोलावल्या. कोश उघडायचं कुणाला सुचलं नाही.

मग हिवाळ्यातल्या तेवेत महिन्यातला, यरुशलेमच्या वेढ्याच्या आठवणीचा उपास आला. दुपारी त्याच खोलीत तू मोठ्यानं वाचत होतास. बाबेलचा राजा सैन्यासह यरुशलेमवर चालून आला, त्यानं तळ दिला, आणि त्यांनी शहराभोवती दायेक बांधला...

तुझा आवाज तुटला. "त्यांनी? त्यांनी बांधला?"

मी कोश काढला. दायेक : वेढा घालणाऱ्यांनी उभारलेली तटबंदी. आतल्यांना वाचवणारी नव्हे, कोंडणारी. तेवढ्यात तो आगाऊ शिमोन म्हणाला, "अबू-एझरा, बगदादचा म्हणजे बाबेलचाच ना तू? येताना भिंतही घेऊन आलास!"

"शिमोन, तोंड मिट," मी ओरडले, "नाहीतर तुझा उपास माझ्या चपलेनं सुटेल!"

तुला ते ऐकूच गेलं नाही. पांढराफटक पडला होतास. "गेऊला, माझ्या पोराच्या डोक्यावर मी शत्रूची भिंत ठेवली?"

मी कोश मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तू माझ्या दारात. नवा शब्द हवा होता. मी बुरूज, कोट, गढी असं एकेक सुचवत गेले. तुझा प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "तो टिकला का?" न पडलेला एकही मला आठवेना. शेवटी वैतागून म्हटलं, "अरे, नुसतं 'एझरा' लिही की!"

मी दिलेल्या चहाचा कप तू उचललास. मग म्हणालास, "एवढं मोठं नाव मावेल का दारावर?" आणि गार झालेला चहा एका घोटात संपवलास.

शरमेनं मरणारा माणूस असा चहा पितो?

रविवारी माझ्या गाडीनं खाणीवर जाऊन नवा दगड आणायचा ठरलं. शुक्रवारी मी पेट्रोल भरून ठेवलं. शनिवारी, शब्बाथच्या दुपारी तू झोपेतच गेलास. दगड आणायला अजून कुणी गेलेलं नाही.