मावशींचं बोट

कामोठ्याच्या आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना सुरू झाली की मावशींचं बोट पुस्तिकेवरून चालू लागे. सावकाश, शब्दागणिक थांबत. परभणीकडून आलेल्या, साठी उलटलेल्या, लोकांची धुणीभांडी करून दोन मुलींची लग्नं लावलेल्या या बाई किती मन लावून वाचतात, याचं सगळ्यांना कौतुक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवणारा. विहारात जायचो ते आईचं मन राखायला, आणि तोंड हलवायचो ते शेजारच्याकडे बघून.

एकदा नव्या पुस्तिका छापून आल्या. मावशी नेहमीसारखं दुसरं पान उघडून बसल्या. नव्या पुस्तिकेत तिथे देणगीदारांची यादी होती. मावशींचं बोट त्या नावांवरून श्रद्धेने फिरत होतं आणि तोंडाने 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण चाललं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. तेव्हा मला कळलं की त्यांना वाचता येत नाही, सगळं पाठ आहे. घरी येऊन आईला ऐकवलं, की आंधळी श्रद्धा म्हणतात ती हीच.

पुढच्याच महिन्यात मावशींचे यजमान न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मावशी गोळ्या रंगावरून ओळखायच्या. दुकानातून दुसऱ्या कंपनीची गोळी आली, रंग बदलून रात्रीच्या गोळीसारखा झाला, आणि रक्तदाबाची गोळी काकांच्या पोटात दोनदा गेली. काका सावरले. चौथ्या दिवशी मावशी आमच्या दारात उभ्या.

"मास्तर, मला अक्षर वळखू येत न्हाई. मानूस जाता जाता ऱ्हायला माझ्या हातानं. शिकवा."

मी तक्ता आणला. अ अननसाचा, आ आईचा. महिनाभर पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका संध्याकाळी मावशींनीच तक्ता बाजूला सारला.

"ह्या अननसाची अन् माझी वळख न्हाई. पुस्तकात त्रिशरन कुठं हाय, तेवढं दावा."

मी दाखवलं. बोट पहिल्या शब्दावर टेकलं. "हितं बुद्धच असनार. मंजी हा ब." बोट पुढे सरकलं. "अन् हितं सरन. हा स." पाठ असलेला एकेक शब्द कागदावरच्या अक्षरांना लावत त्या निघाल्या.

"छापणाऱ्याने चुकीचं छापलं असेल तर?" मी चिडवलं.

"आदी इस्वास ठिवायचा, मास्तर. चुकला तर फुडं गेल्यावर कळतंच की. ठिवलाच न्हाई तर काय कळनार?"

आधी मानून चालायचं आणि मग पडताळून बघायचं, हे मी मुलांना रोज फळ्यावर शिकवत होतो. आईला जे बोललो होतो त्याची मला मनापासून लाज वाटली.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे मांडली. त्यांवर मीच मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. "ही सकाळची. ही रात्रीची. बरुबर?" बरोबर होतं. त्यानंतर पाकीट मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांनी काकांना गोळी दिली नाही. काका पाण्याचा पेला घेऊन ताटकळत बसायचे आणि कुरकुरायचे. जुनी पाकिटं संपली तशी नवीन पाकिटांवर मावशी स्वतः लिहू लागल्या. पुढे पुढे इमारतीतल्या बायका दवाखान्याचे कागद घेऊन त्यांच्याकडे यायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मावशी आठवड्याभराच्या तापाने गेल्या. विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी काकांच्या शेजारी बसलो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं, आणि त्यावर मावशींच्या वाकड्या अक्षरात 'सकाळी' लिहिलेलं होतं. मला फार एकटं वाटलं. वंदना सुरू झाली. मी पुस्तिका उघडली, मावशींसारखं बोट ठेवलं आणि सगळ्यांबरोबर म्हणत गेलो. डोळे भरले होते, अक्षर दिसत नव्हतं.

संपल्यावर डोळे पुसून खाली पाहिलं. माझं बोट देणगीदारांच्या यादीवर होतं, आणि एकही शब्द चुकला नव्हता.