आईच्या आधीची बायको

माझ्या वडिलांना दोन बायका होत्या, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एका सरकारी पत्रातून कळलं. ही गोष्ट मी चारचौघांत सांगतो तेव्हा इथे थांबतो, पाणी पितो आणि समोरच्यांचे चेहरे बघतो. कागदावर पाणी पिता येत नाही, म्हणून पुढे सांगून टाकतो. दुसरी बायको म्हणजे माझी आई. आणि पहिलीसुद्धा माझी आईच.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. त्या क्षणापासून जुनं नाव फक्त माहेरच्यांच्या तोंडी उरायचं. आईचं माहेरचं नाव नदीचं होतं, सासरचं देवीचं. दोन्ही मी इथे लिहिणार नाही. तिला आवडलं नसतं. वडील फौजेत वायरलेसवर होते. लग्नाच्या परवानगीचा अर्ज त्यांनी दोन महिने आधी पलटणीत दिला आणि त्यात होणाऱ्या बायकोचं नाव अर्थातच नदीचं लिहिलं. मग रजेवर हैदराबादला आले, तांदळात देवीचं नाव लिहिलं, रजा संपली, परत गेले. तांदळात काय लिहिलं ते पलटणीलाही कळवायला हवं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले. अर्ज मात्र फायलीत राहिला.

पुढे कित्येक वर्षं कुणाचंच काही अडलं नाही. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, आम्ही विद्यानगरात घर केलं, ते एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागले, तीही संपली. मग तो काळ आला, ज्यात हैदराबादेत ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता आणि प्रत्येक गल्लीत त्याचा क्लास निघाला होता. मी पेजर विकायचो. गळ्यात टाय, कमरेला दोन पेजर, आणि जिभेवर अशी पकड की कुकटपल्लीतल्या एका स्क्रूच्या कारखानदाराला मी पाच पेजर विकले होते, त्यातला एक त्याच्या आईसाठी. अशा माणसाला वाटतं, जगात बोलून सुटत नाही असं काही नाही.

बँकेतही कॉम्प्युटर आले. पेन्शनवाल्यांनी, आपल्यामागे बायकोला पेन्शन मिळावी म्हणून, तिच्यासोबतचा फोटो आणि तिचं नाव द्यावं, ते फौजेच्या नोंदीशी ताडून घेतलं जाईल, असं कळवलं गेलं. आईचं नाव दिलं. वडिलांना तेव्हा अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, तोंडातून एका वेळी एखादाच शब्द निघायचा. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

मग ते पत्र आलं. मी ते बैठकीत उभं राहून, आवाज चढवून, इंग्रजीतून मराठीत आणत वाचलं. "सेवा-नोंदीत पत्नी म्हणून अमुक हिचं नाव आहे. तुम्ही कळवलेली तमुक ही कोण? पहिली पत्नी मयत असल्यास मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असल्यास कोर्टाचा हुकूम जोडावा. तोपर्यंत दुसरीची नोंद पत्नी म्हणून घेता येणार नाही."

"बाबा!" मी हात पसरले. "कुठे लपवलीत हो पहिली? निदान आम्हाला भेटवायची तरी!"

वडील हसले. म्हणजे अर्धं तोंड हसलं. आई हसली नाही. ती उठून आत गेली. मी मागे गेलो तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुला नाटक सुचतंय," ती म्हणाली. "हे उद्या गेले, तर मी कोण?"

"अगं, तू त्यांची बायको."

"कशावरून? त्या कागदावर यांची बायको दुसरीच कुणी आहे. इतकी वर्षं संसार करून मी ठेवलेली बाई झाले. ते आहेत तोवर ते सांगतील. नंतर कोण सांगणार? तू? तुझं कोण ऐकतं?"

हे तिने बैठकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं नव्हतं. पण घर लहान होतं.

दुसऱ्याच दिवशी मी सरकारी कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तिथे टाइपरायटर घेऊन बसणारे लोक अर्ज करून द्यायचे, आणि ज्यांना अर्जापेक्षा जास्त काही हवं असेल त्यांचीही सोय व्हायची. माझ्या वाट्याला जे गृहस्थ आले ते पान खात होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर नेला.

"दो नामां, एकीच औरत?"

"हौ."

"साबित करते बैठे तो साल लगता, मियाँ. अफिडेविट, गवाह, अखबार में इश्तेहार, फिर उनो बोलते ये कागज नक्को, वो लाओ. पैलीवाली को गुजार देते ना. डेथ का दाखला लगाए, बात खतम. कैकू फिकर करते?"

मी हसलो. इतकं सोपं, इतकं सुबक! जी बाई नाहीच, तिला मारायला काय हरकत आहे? माझ्या धंद्याला साजेसा मार्ग होता. आणि खरं सांगतो, डॉक्टरांचं बोलणंही कानात होतं. वर्षभराचा वेळ आमच्याकडे आहे की नाही, कुणाला माहीत? मी हो म्हणालो. त्यांनी तिथेच फॉर्म भरला. मयताचं नाव: नदीचं. कारण: ताप. तारीख त्यांनी आभाळाकडे बघून घातली. खबर देणाऱ्याची सही घरच्या कुणाची तरी लागणार होती. नवऱ्याचा हात चालत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "तो दूसरीवाली का दस्तखत लाओ."

घरी येताना स्कूटरवर मी आईशी बोलायच्या वाक्यांची तालीम केली. वाक्यं उत्तम होती. एकही वापरायला मिळालं नाही.

आईने चष्मा लावला आणि फॉर्म वाचला. ती माहेरी मॅट्रिकपर्यंत शिकली होती, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायची. स्वतःच्या जुन्या नावाशी आली तेव्हा तिचं बोट थांबलं.

"ताप आला होता का मला?"

"आई, हा फक्त कागद आहे."

"केव्हा गेले मी?" तिने तारीख शोधली, बोटांवर मोजलं. "लग्नानंतर आठ महिन्यांनी. आणि तू झालास अकरा महिन्यांनी. मधले तीन महिने तुला कुणी पोटात ठेवलं रे?"

मी आयुष्यात जे काही संवाद ऐकले आहेत त्यांत हा पहिल्या नंबरचा.

"हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं," आई म्हणाली. "यांनी तांदळात दुसरं लिहिलं, मी काही बोलले नाही. सगळ्याच बायकांचं लिहितात. पण ती मेली म्हणून मी सही करू? माझ्या हाताने?"

"मग काय करायचं? बाबांना काही झालं तर?"

"तर मी कुणीच नाही. पण हे नको."

तिने फॉर्मची घडी घातली आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली. मला परत दिली नाही. चार दिवस ती माझ्याशी फक्त जेवायला बस आणि दार लाव एवढंच बोलली.

मग सरळ रस्ता धरला. बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेले मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, हेच आमचे साक्षीदार. त्यांनी दुकानाच्या माळ्यावरून जुनी लग्नपत्रिका शोधून काढली. तिच्यावर नदीचं नाव छापलेलं होतं, आणि तिला मिरचीचा असा वास होता की वकील दोनदा शिंकले. "तांदळाचं ताटही आणतो हवं तर," मामा त्यांना म्हणाले. "पण त्यातला पुरावा माझ्या मेव्हण्यांनीच खाल्ला." प्रतिज्ञापत्र झालं, दोन्ही नावं एकाच बाईची, अशी जाहिरात पेपरात छापून आली. माजी सैनिकांच्या कचेरीने सांगितलं की एवढ्यावर भागणार नाही. त्यांचा माणूस घरी येऊन खुद्द सैनिकाच्या तोंडून ऐकेल.

इथे माझ्यातला नाटक्या पुन्हा जागा झाला. आठवडाभर मी वडिलांच्या खाटेशी बसून तालीम घेतली. "बाबा, ते बायकोचं नाव विचारतील. आधी आत्ताचं सांगा, देवीचं. मग म्हणा, माहेरचं नदीचं. आधी देवी, मग नदी." वडील माझ्याकडे बघत राहायचे. कधी ओठ हलायचे, कधी नाही. त्यांनी देवीचं नाव एकदाही उच्चारलं नाही. तसं ते कधीच उच्चारत नसत. जन्मभर आईला त्यांनी "ऐकलंस का" अशीच हाक मारली होती. मला आता भीती वाटायला लागली होती. तोंडातून भलतंच निघालं, किंवा काहीच निघालं नाही, तर त्या माणसाने काय लिहायचं?

आले ते निवृत्त तेलुगू सुभेदार होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी खाटेसमोर उभं राहून आधी वडिलांना सॅल्यूट केला. वडिलांचा डावा हात उठला, अर्ध्यातून खाली आला. आई दारात उभी होती, मामा खुर्चीच्या कडेवर.

"हवालदार साब, पत्नी का नाम बोलिए."

वडिलांनी बराच वेळ घेतला. जबडा हलला, गळ्याची शीर फुगली, आणि मग त्यांनी नाव घेतलं. स्पष्ट, एका दमात. नदीचं.

"बाबा, आधी दुसरं..." मी पुढे झालो.

"आप चुप बैठिए," सुभेदार म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं. मग दाराकडे पेन केलं. "और ये? ये कौन हैं?"

वडिलांनी मान वळवली. आई पदर दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"तीच," वडील म्हणाले.

सुभेदारांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी, आयुष्यात एकदा, सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो होतो. मामा म्हणाले, "वही बोल रहे, साब." "इनसे सुनना है," सुभेदार म्हणाले आणि थांबले. वडिलांनी डोळे मिटले, पुन्हा जोर केला. "वही." मग दमून उशीला टेकले.

चहा घेऊन सुभेदार गेले. आई कप विसळायला आत गेली आणि एकच कप कितीतरी वेळ विसळत राहिली.

उत्तर यायला पाच महिने लागले. तोवर दुसरा झटका येऊन गेला होता, आणि वडिलांचे ते सुटे शब्दही गेले होते. पत्र मी खाटेशी बसून वाचलं, हात न पसरता. पत्नीचं नाव यापुढे अमुक उर्फ तमुक असं वाचावं.

"उर्फ?" आई म्हणाली. "ते पेपरात पाकीटमाराचं असतं तसं?"

"तसंच."

"आधी कुठलं आहे?"

"नदीचं."

"यांना पुन्हा वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचलं. वडिलांचे डोळे उघडे होते, पण खिडकीकडे. त्यांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. आईने मला विचारलंही नाही.

ती उठली, रेशनकार्डाचा डबा घेऊन आली आणि त्यातली ती घडी माझ्या हातात दिली. ताप, आठ महिने, सहीची मोकळी जागा.

"तू आणलास, तूच फाड."

मी दोन तुकडे केले, चार केले, आणि थांबलो.

"आणखी बारीक," आई म्हणाली. "नाव दिसतंय अजून."