उभ्या बैलाची झोप

आमच्याकडे म्हणतात, बैल बसला म्हणजे गेला. आग लागो त्या म्हणण्याला.

यंदा धानाचा रोवणा आटोपला आणि आमच्या म्हाताऱ्या बैलाचा पुढचा गुडघा सुजला. आमच्या बुवांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गावच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या पोटाखालून बारदान घातलं आणि दोर गुरांच्या कोठ्याच्या वरच्या आड्याला बांधले. बसू द्यायचंच नाही. मी म्हटलं, "अजी, तो जीव आहे, वाळत घातलेला कपडा नाही." ऐकतात कुठे. शेजारी आले ते दोर आणखी ताणून गेले. गावात शहाण्यांची काय कमी आहे.

बैलाची मान खाली जायची, गुडघे वाकायचे, बारदान पोटाला काचलं की दचकून जागा व्हायचा. खाणं सुटलं. रवंथही थांबलं.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघूनच कपाळाला हात लावला. "गुडघा बरा होते जी. पण हा जागरणानं मरून राहिला." मग समजावलं. बैल उभ्याने डुलकी काढतो, पण स्वप्नं पडतात ती झोप त्याला बसल्यावरच लागते. त्या झोपेत मेंदूचा मानेलगतचा भाग सारं अंग सैल सोडून देतो. उभा असला की तोल जातो आणि झोप तिथेच मोडते. ऐकून मला रडूच आलं. लेकरं तान्ही होती तेव्हाचे माझे दिवस आठवले.

बुवांनी स्वतः दोर सोडले. खाली धानाच्या तणसाचा जाड थर केला. बैल बसला, मान वळवून कुशीवर टेकली. "आता वाचते," बुवा म्हणाले. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी धुणं घेऊन तळ्यावर गेले.

परत आले तर कोठ्यात ही गर्दी. मी तळ्यावर असताना बैलाचे डोळे अर्धवट मिटल्या पापण्यांत फिरू लागले होते, ओठ थरथरत होते, पाय झटके देत होते. बुवांना वाटलं, प्राण निघाला. त्यांनी हाका मारल्या. चार जणांनी पोटाखाली बांबू घालून त्याला उचललं. तो झोपेतून दचकला, सगळा भार दुखऱ्या पायावर आला आणि पाय मोडला.

डॉक्टर पुन्हा आले ते शेवटचं इंजेक्शन द्यायला. बुवांनी झालं ते सांगितलं. "झोपला होता जी तो," डॉक्टर म्हणाले. "स्वप्नात तसंच होते. मी सांगाले पाहिजे होतं."

बुवा रडले असते तर बरं झालं असतं. रडले नाहीत. आता दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच माझा खांदा हलवतात. "अवं, जागी आहेस ना?" पहिल्यांदा मी खेकसले. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा राग जागीच मेला. आता ते घरात असले की मी झोपतच नाही.