बकुळा दुखतंय म्हणत होती

“ही मुलगी कधीपासून दुखतंय म्हणतेय?”

पुण्याच्या मोठ्या इस्पितळातल्या रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, मेच्या सुट्टीपासून. तेव्हा गणपती होऊन गेले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नाही, आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. “आणि इतक्या महिन्यांत हिचं रक्त तपासावं असं कुणालाच वाटलं नाही?”

मग त्यांनी दुखण्याची नावं सांगितली. एक सिकल सेल, त्यातला हिमोग्लोबिन एससी नावाचा प्रकार. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, फार दमणूक झाली, की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे जीव जाईल असं दुखतं. दुसरं नाव अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात फिरतो, त्याला रक्त मिळेनासं झालं की ते हाड मरायला लागतं.

माणूस जिवंत असताना त्याचं हाड मरतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बुकोला पलंगावर बसून आमच्या तोंडाकडे बघत होती. ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला फक्त एकच गोष्ट कळायला हवी होती, ती म्हणजे परत कोर्टवर कधी उतरायचं.

हे मी लिहितेय ते कुणी मला शाबासकी द्यावी म्हणून नाही. तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणत असेल आणि तुम्ही त्याला बहाणे समजत असाल, तर तुमच्यासाठी लिहितेय.

बुकोला नायजेरियाची. पुण्यात कॉलेजात शिकायला आली आणि आमच्या ह्यांच्या हाताखाली टेनिस खेळायला लागली. हे त्या कॉलेजात खेळाचे शिक्षक, आठवडाभर पुण्यात आणि रविवारी गावी. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून लग्नानंतर मीही सरच म्हणायला लागले, ती सवय अजून गेली नाही. बुकोला तिच्या देशात ज्युनिअर मुलींत नाव काढून आलेली होती. इथे आल्यावर कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत तिच्यासमोर कुणी टिकेना. सप्टेंबरात पुण्यात एक मोठी स्पर्धा होती. तिच्या पात्रता फेऱ्या पार करून मुख्य स्पर्धेत एक सामना जिंकला असता, तर तिला जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळणार होता. एकच गुण, पण त्यासाठी ती घर सोडून इतक्या लांब आली होती.

मेमध्ये होस्टेल बंद झालं, म्हणून सर तिला गावी घेऊन आले. आमचं घर येडगावजवळ, द्राक्षबागेला लागून. ज्या खळ्यावर आमच्या सासऱ्यांनी बाजरी मळली, तिथे सरांनी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून कोर्ट केलं होतं. बाजूला शेडनेटची जाळी. सबंध तालुक्यात तसं दुसरं नव्हतं. सकाळी कोर्टाच्या कडेला ही गर्दी जमायची. बुकोलाची बकुळा आमच्या वस्तीवरच झाली. मला ती काकू म्हणायची, आणि आठवड्याभरात “लई भारी” म्हणायला शिकली.

आता सरांचा नियम सांगते. घाम जिरल्याशिवाय पाणी नाही. हा काही त्यांनी शोधून काढलेला नियम नाही, आमच्याकडे घरोघरी तो आहे. पोरगं खेळून आलं आणि माठाकडे धावलं की आई हात धरते, “थांब, घाम जिरू दे, कळ येईल.” सरांच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना तसं शिकवलं आणि सरांनी पुढे सगळ्यांना. खेळ संपेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. मग सावलीत बसायचं, अंग वाळलं की गुळाचा खडा आणि वर पाणी. पाणी पिणारा खेळाडू जड होतो असं त्यांचं म्हणणं.

बुकोला पाणी मागायची. पहिल्या दिवशी हसून मागितलं, मग हात जोडून. “नाय, आजून एक टोपलीभर बॉल मार,” सर म्हणायचे. मेच्या उन्हात, येडगावात!

त्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी ती कोर्टवर मटकन बसली. पाठ, मांड्या, खुबा, सगळं एकदम. मी धावले तर तिने माझा हात असा धरला की बांगडी पिचली. “काकू, लई दुखतंय,” एवढंच म्हणत होती. अशा वेळी कोणती भाषा तोंडात येईल सांगता येत नाही, तिच्या तोंडी आमची आली.

जीप करून तिला हायवेवरच्या एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही घेत. डॉक्टरांनी तिला केबिनच्या दारात बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. सुरुवातीला दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. ती इंग्रजीत सांगत होती की आमच्या घराण्यात सिकल आहे, माझा काका त्याने गेला, मला लहानपणी तू नुसती वाहक आहेस असं सांगितलंय, पण एकदा रक्त बघा. आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन द्या.

डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “वहिनी, तुम्ही साध्या आहात. ही लोकं कशी असतात तुम्हाला माहीत नाही. नशेची सवय असते, मग अशी इंजेक्शनं मागत फिरतात. घरात ठेवलीय कशाला?”

तिला मराठी कळत होतं. पुरतं नाही, पण नशा हा शब्द कळण्याइतकं कळत होतं. ती तोंड भिंतीकडे करून पडून राहिली आणि परत इंजेक्शन मागितलं नाही. दातांनी चादर धरली होती. मला आजही तो डॉक्टर रस्त्यात दिसला तर माझं रक्त उसळतं. गोळ्या देऊन त्याने आम्हाला वाटेला लावलं.

चारआठ दिवसांनी तिचं दुखणं उतरलं, खुब्यातली कळ मात्र राहिली. सर म्हणाले, “स्नायू हाय गं, पळाली की मोकळा व्हईल.” म्हणून तिला बांधावरून पळवलं. जून-जुलैत ती पुण्याहून फोन करायची. काकू, जिने चढताना दुखतं. काकू, कुशीवर झोपता येत नाही. मी सरांना सांगायचे. “खेळाडूला दुखतच असतं, स्पर्धा झाली की बघू,” हे त्यांचं उत्तर. मी रागावले, भांडले, एकदा तर दोन दिवस बोलले नाही. पण तिचा हात धरून दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं का? नाही नेलं.

सप्टेंबरात मी मुद्दाम सामना बघायला गेले. पेठचा घाट येईपर्यंत देवाचं नाव घेत होते. पात्रता फेरीतले सामने तिने काढले, मुख्य स्पर्धेत पोचली. पहिल्या सामन्यात ती पुढे होती. मग तिरप्या बॉलसाठी उजव्या पायावर वळली आणि उभीच राहिली. पडली नाही, नुसती उभी राहिली, रॅकेटचा आधार घेऊन. पंचांनी विचारलं, सर जाळीपलीकडून ओरडले, “मूव्ह, मूव्ह!” तिला पाऊलच उचलता येईना. तो गुण तिथेच राहिला.

तिथून थेट इस्पितळ. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं आहे ते वेगळं करून बघणं. मग एमआरआय. रात्रंदिवस सलाइन, शस्त्रक्रियेआधी बाहेरचं रक्तही चढवलं. आणि दुखण्यावर इंजेक्शन, न मागता! ते देताना डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, “दुखायला लागलं की बेल वाजव, सहन करायचं नाही.” हे ऐकून बुकोला जी रडली, तशी ती खळ्यावरही रडली नव्हती.

हाडाच्या डॉक्टरांनी कोअर डीकम्प्रेशन केलं. मेलेल्या भागात भोक पाडून आतला दाब कमी करायचा, म्हणजे नवं रक्त यायला वाव मिळतो. शस्त्रक्रिया बरी झाली. ती चालेल, कॉलेज पुरं करील, पुढेमागे खुबा बदलावा लागेल. स्पर्धेचं टेनिस मात्र संपलं.

सरांनी बाहेरच्या बाकावर बसून डॉक्टरीणबाईंना विचारलं, “पाण्यामुळं झालं का?” बाई म्हणाल्या, “नुसतं पाण्यामुळे असं मी म्हणणार नाही. आजार जन्माचाच आहे. पण अशा रक्ताला उन्हात तहानलेलं ठेवणं यासारखं वाईट काही नाही. आणि दुखऱ्या खुब्यावर इतके महिने पळवलंत, त्याने तो गोळा दबला.”

घरी सगळे म्हणाले, तिला हे सांगू नका. देवाची मर्जी म्हणा, पोरगी परक्या देशात आहे, खचेल. आमच्यात आजाऱ्याशी असंच बोलतात, पलंगाभोवती उभं राहून गोड खोटं. पण बुकोलाने मला सरळ विचारलं, “काकू, मेमध्ये कळलं असतं, तर खेळले असते?” मी म्हटलं, “कदाचित हो. आम्ही ऐकलं नाही तुझं.” शेजारी सर उभे होते. ते म्हणाले, “मी ऐकलं नाय.” तिने हातातला स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. सिस्टर धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, फेकू द्या.

दिवाळीत ती कुबड्यांवर येडगावला आली. आम्ही दोघं घ्यायला गेलो होतो, तर एसटीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, आधी त्या दवाखान्यात जायचं. सर नको म्हणत होते, झालं गेलं, कशाला वाढवायचं. मी रिक्षा वळवायला लावली.

बाकांवर पेशंट खच्चून भरले होते. ती नंबर लावून बसली. सगळे टकामका बघत होते. तिची पाळी आली तेव्हा केबिनचं दार तिने उघडंच ठेवलं. डॉक्टर कुबड्यांकडे बघून हसत म्हणाले, “अरे वा, झालीस की बरी!”

“मी नशा करत नाय,” बुकोला म्हणाली. आवाज बाहेरच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. “मला दुखत व्हतं. माझं हाड मेलं. मी आता खेळत नाय.”

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, परत घातला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “तेव्हा नीट सांगायला हवं होतं ना.”

“माझ्याकडे बघा,” बुकोला म्हणाली. “मी सांगितलं व्हतं.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. “नेक्स्ट,” म्हणाले.

पुण्याच्या त्या डॉक्टरीणबाईंचे, सिस्टरांचे, माझ्या मुलीसारख्या बुकोलाला रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मन मोठं करून सगळं सोडून द्या, असं मला सांगायला येऊ नका. बुकोलाने पुढच्या पेशंटला वाट दिली नाही. दारातल्या खुर्चीवर बसली, दोन्ही कुबड्या उंबऱ्यावर आडव्या ठेवल्या, आणि म्हणाली, “काकू, तुमी पण बसा. ते बघतील तेव्हा जाऊ.”

मी तिच्या शेजारी बसले.