पांढऱ्या खांबांचं घर

नवऱ्याला पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून तिथे आलो. गावात एके काळी जमिनीतून तेल निघायचं. विहिरी आटल्या, माणसं निघून गेली. तेलाच्या पैशातून बांधलेल्या इमारती तेवढ्या राहिल्या. मी आर्किटेक्ट, पण माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. मग मी मेन स्ट्रीटवर बसून इमारतींचे दर्शनी भाग रेखाटायचे. वर कोरीव कमानी, खाली फळ्या ठोकून बंद केलेली दुकानं.

शेजारच्या आजींशी ओळख त्यातूनच झाली. निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्यांचं घर विटांचं, पुढे दोन मजले उंच पांढरे खांब. "कलोनियल. इंग्रजांच्या काळातल्या घरांसारखं," त्या अभिमानाने म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या कॅम्पातल्या बंगल्यांनाही हेच म्हणतात. त्या हसल्या. "इंग्रजांना तुम्हीही घालवलंत, आम्हीही. खांब मात्र दोघांनी ठेवून घेतले!"

खांब लाकडी होते, आतून पोकळ आणि कुजलेले. पुढे एकदा आजी घरात पडल्या, नर्सिंग होममध्ये गेल्या. घर रिकामं राहिलं, छत गळायला लागलं, आणि शेवटी नगरपालिकेने ते धोकादायक ठरवलं. पाडायच्या दिवशी सकाळी आजींचा फोन आला. "मला तिथे घेऊन चल."

"अगं, त्यांना सोसेल का?" नवरा म्हणाला. तरी मी नेलं.

समोरच्या बाजूला गाडी लावून आम्ही आतच बसलो. मशीनने ओढल्यावर खांब आणि दर्शनी भिंत एकदमच खाली आली. धूळ बसली तशी वरची खोली उघडी पडली. निळ्या फुलांचा वॉलपेपर, आरसा अजून जागच्या जागी.

"आईची खोली," आजी म्हणाल्या.

फुटपाथवर लोक फोनवर व्हिडिओ काढत होते. आजींनी माझा हात घट्ट धरला. "त्यांना सांग ना, बघू नका म्हणावं."

मी उतरून विनवण्या केल्या. एका बाईने फोन खाली घेतला. बाकीचे काढतच राहिले. परत आले तर आजी डोळे मिटून बसल्या होत्या.

"झालं?"

"अजून नाही."

"मग जाऊ या."

त्याच वर्षी हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला आम्ही दोघं, पाद्री आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी. त्याला घर बघायचं होतं. मी त्याला घेऊन गेले. पण सपाट केलेल्या, बर्फाने झाकलेल्या त्या जमिनीवर खांब नेमके कुठे उभे होते, ते मला काही केल्या दाखवता येईना.