तीन तालमी

माझ्या वहिनीला चर्चच्या मंडळीत सगळे ‘मास्तरीण’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासते. नऊ ते पाच बोटं चाकाच्या पाण्यात. काच तीनदा तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची नाही, हा तिचा तिथला नियम. तोच तिने चर्चच्या गाणाऱ्यांत आणला. नवं गाणं तीन तालमी झाल्याशिवाय उपासनेत म्हणायचं नाही. आणि तालीम म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, उंच पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंतचे चारही आवाज हजर. एक जरी कमी असला, तर बाकीच्यांनी कितीही घसा खरवडला तरी ती तालीम धरायची नाही.

गाण्यांना चाली तीच बांधते. रोज पहाटे पाच ते सहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. छोटा कीबोर्ड, आवाज अगदी बारीक, कारण भिंतीपलीकडे दादा झोपलेला. ताप असो, घरात पाहुणे असोत, तो तास कोणाच्या बापाला मिळत नसे. मी एकदा विचारलं, “वहिनी, सुचलंच नाही तर?”

“तर न सुचता बसायचं. प्रार्थनेत तरी रोज मन कुठे लागतं? म्हणून सोडतो का आपण?”

मला तिचा रागच यायचा. सर्वांत खालच्या पट्टीतला आवाज आमच्याकडे माझा एकट्याचा. त्यामुळे माझी सर्दीसुद्धा सार्वजनिक बाब. उशीर झाला की ती घड्याळाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची.

“अहो, देव मन पाहतो,” मी म्हणायचो.

“पाहतो ना? मग सव्वासहापर्यंत तुमचं मन कुठे होतं, तेही पाहिलं असेल त्याने. धडधाकट कोकरू घरी ठेवायचं आणि लंगडं देवाला वाहायचं, ही कुठली भक्ती, भाऊजी?”

सगळे हसायचे. मी दात ओठ खात वही उघडायचो.

मग दादाचं यकृत गेलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, प्लंबर, जन्मभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केलेला माणूस. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. त्याने पलंगावर पडल्या पडल्या एका जुन्या बिलाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. कविता कसली, देवाला केलेला अर्जच तो. कागद वहिनीच्या हातात दिला आणि म्हणाला, “याला चाल बांध. मला पुरताना हे म्हणायला हवं.” आयुष्यात त्याने तिच्याकडे मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट.

तिने बांधली. पाच ते सहा, पलीकडे तो कण्हत असताना. सोळा दिवस लागले. चाल ऐकून दादा म्हणाला, “दुसरी ओळ जरा चढव.” स्वतःच्या मयताच्या गाण्यात दुरुस्त्या सुचवणारा असा माणूस!

पहिल्या गुरुवारी तालमीला मी गेलो. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे जिवंत, आणि इथे आम्ही त्याला पुरायचा सराव करतोय. माझं डोकंच सणकलं. पुढच्या दोन्ही गुरुवारी मी फिरकलो नाही. कामात अडकलोय, असा निरोप धाडला आणि बसस्टॉपवर बसून राहिलो. बाकीचे तासभर गायले. वहिनीने त्या तालमी धरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, शनिवारी दादा गेला. रविवारी दुपारी दफनविधी झाला. पाळकसाहेबांनी खूण केली आणि वहिनीने ऑर्गनवर पुस्तकातलं जुनंच गीत धरलं. मला वाटलं, हे झालं की दादाचं येईल. आलं नाही. दफनभूमीत माती पडली, लोक पांगले.

मी तिला फाटकाशी गाठलं. “त्याचं गाणं कुठाय?”

“एकच तालीम झालीये. त्याचं गाणं मी लंगडं नाही म्हणू देणार.”

माझा तोल सुटला. “मग काय, तो पुन्हा मरणार आहे का तुमच्या सोयीने? चार ओळी मागितल्या होत्या माणसाने, चार! ही शिस्त नाही. दगड आहात तुम्ही, दगड!”

पाळकसाहेब मध्ये पडले. दोन तालमी कोणामुळे बुडाल्या, हे तिथल्या प्रत्येक गाणाऱ्याला ठाऊक होतं, तरी कोणी तोंड उघडलं नाही. त्याने मी आणखीच भडकलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

गुरुवारी सहाला मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो तो गाण्यांची वही तिच्यासमोर आपटून कायमचं निघून यायला. सगळे उभे होते. वहिनी दुकानातून थेट आलेली, बोटं पाण्याने सुरकुतलेली. फळ्यावर दादाच्या चार ओळी.

“आता कोणासाठी?” मी ओरडलो. “ज्याने मागितलं तो गेला!”

तिने कीबोर्डवरचे हात उचलले. “तुमच्यामुळे राहिलं ते, भाऊजी,” ती आवाज न चढवता, सगळ्यांदेखत म्हणाली. “सोळा दिवस त्यांचं कण्हणं ऐकत मी स्वर लावले. तुम्हाला तासभर उभं राहवलं नाही. राग आहे माझा तुमच्यावर. आणि त्या देवावरही आहे. इतकी वर्षं त्याच्यासाठी पहाटे उठले, आणि त्याने माझा माणूस नेला. शनिवारपासून एक शब्द प्रार्थना केलेली नाही मी. दोघांशीही अबोला धरलाय.”

“मग इथे कशाला आलात?”

“अबोला धरला म्हणून घरातला स्वयंपाक बंद करतं का कोणी? उभे राहा. खालचा आवाज नाहीये.”

मी उभा राहिलो. पहिल्याच ओळीला माझ्या तोंडून सुराऐवजी हुंदका बाहेर पडला. सगळे थांबले. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

“पुन्हा,” ती म्हणाली.