चुन्याचा पट्टा

लोणावळ्यात अंगणासाठी झाड निवडताना मी तीन गोष्टी बघते. ते पागोळीच्या वर जाऊ नये, मुळांनी जोतं उचलू नये आणि चार महिन्यांच्या पावसात त्याचा बुंधा कुजू नये. हे मला मळवलीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. तगर, अनंत, कुंती, पारिजातक, कण्हेर ही पाचही झाडं त्यांनीच लावून दिली. मोबदला एवढाच, की दर माघात आमच्या कुंपणाचा पांगारा छाटून फांद्या न्यायच्या. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला त्या लागत.

एका माघात मला नणंदेच्या बाळंतपणाला पुण्याला जावं लागलं. छाटणीला मी समोर नसणार, म्हणून निघताना पाचही बुंध्यांवर चुन्याचा पट्टा मारला. यांना हात लावायचा नाही, असं आबांना सांगायला यजमानांना बजावलं. ते रेल्वेच्या ड्यूटीत विसरले.

परत आले तो पाच बोडके बुंधे. पांगारा जसाच्या तसा. आबांना बोलावून घेतलं.

"तुमीच तर चुना लावला व्हता, बाई," आबा म्हणाले. "रानात शिपाई चुना मारतो, त्येच झाड तोडायचं आसतं. मलाबी वाईट वाटलं. पर तुमी लिवून-मापून काम करनाऱ्या. म्हटलं, आसंल कायतरी."

"हे अंगण आहे, रान नाही! भातापायी माझी झाडं मारलीत तुम्ही."

"मरत्यात कशाला? बुंधं ठेवल्यात की. पावसात लय फुटतील."

"चोर ते चोर, वर मला शिकवता?"

शेजारणी दारात आल्या होत्या. आबांनी मुंडासं सारखं केलं आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी फांद्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या. नेलेली एकही फांदी त्यांनी ठेवून घेतली नव्हती.

श्रावणापर्यंत पाचही झाडं फुटली. तगर तर पहिल्यापेक्षा दाट झाली.

मळवली इथून पुढचंच स्टेशन. 'आबांकडे जाणे' ही ओळ मी तेव्हापासून दर महिन्याच्या कामांच्या यादीत उतरवून घेते. बाकीची कामं होतात.

पांगारा छाटायला त्यानंतर कुणी आलं नाही. तो आता इतका माजलाय की अनंतावर ऊन पडत नाही. यंदा एकच कळी धरली होती, तीही उमलायच्या आधी गळली.